उसने गडी आणि घरचे वस्ताद

पर्वरीच्या मैदानावर २०२४च्या नोव्हेंबरात कश्यप बखले आणि स्नेहल कवठणकर या दोन गोमंतकीय फलंदाजांनी अरुणाचल प्रदेशाविरुद्ध ६०६ धावांची अभंग भागी रचली, त्या दिवशी आमच्यासारख्या जुन्या माणसांना प्रथम आठवले ते बडोदे. रणजी करंडकाच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी भागीदारी. प्रतिपक्ष दुबळा होता हे प्रांजळपणे मान्य करूनही ती मोठीच ठरते. परंतु अशा विक्रमाशी निगडित झालेले पहिले नाव बडोद्याचे. १९४७च्या मार्चमध्ये होळकर संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यात विजय हजारे (२८८) आणि गुल महंमद (३१९) यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या आणि बडोद्याने तो सामना एक डाव आणि ४०९ धावांनी जिंकला. रणजी करंडकापुरता तो उच्चांक तब्बल ६९ वर्षे अबाधित राहिला.

त्या दोन फलंदाजांपैकी बडोद्याच्या मातीतला एकही नव्हता, ही गोष्ट मात्र फारशी कोणी बोलून दाखवीत नाही. हजारे सांगलीचे, गुल महंमद लाहोरचे. त्याच संघातील अमीर इलाही हेही लाहोरचेच. संस्थानिकांच्या दरबारी गुणी गवई जसा आणून ठेवला जाई तसाच गुणी खेळाडू. इंदूरच्या होळकरांनीही तेच केले होते. १९४४-४५च्या अंतिम सामन्यात त्यांच्याकडून डेनिस कॉम्प्टनसारखा इंग्रज फलंदाज खेळला होता. तेव्हा आज जे लोक पाहुण्या खेळाडूच्या नावाने बोटे मोडतात, त्यांनी हा इतिहास विसरू नये. उसना गडी आणणे ही काही आजची विकृती नव्हे.

मग बडोद्याचे बिघडले कोठे? हा प्रश्न आम्ही केवळ जिज्ञासेपोटी विचारीत नाही. प्लेट गट जिंकून वरच्या गटात पाऊल टाकणाऱ्या गोव्याला आज ना उद्या याच प्रश्नाला तोंड द्यावे लागणार आहे.

१९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि खेळाडू पोसणारा राजवाडा त्या अर्थाने उरला नाही. तरीही पुण्याचे चंदू बोर्डे बडोद्याकडून खेळले आणि १९५७-५८ साली दत्ताजीराव गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली करंडक पुन्हा बडोद्यास आला. याचे कारण उघड आहे. हजारे बडोद्यातच राहिले होते. तरुणांना डोळ्यांसमोर पाहावयास, विचारावयास, प्रसंगी बोलणी खावयास एक थोर माणूस वर्षानुवर्षे त्याच मैदानावर उपलब्ध होता. दरबाराने आणलेला पाहुणा घरचा वस्ताद झाला, हा त्या मेजबानीचा खरा लाभ! आणि शिस्तबद्ध तालमीचे संस्कार तर त्या नगरीवर आधीपासूनच होते. हुतूतूच्या खेळाला नियमांच्या चौकटीत बसवून १९२३ साली अखिल भारतीय सामने भरविणारी हिंद विजय जिमखाना ही संस्था बडोद्याचीच.

पुढचा करंडक यावयास ४३ वर्षे लागली. २०००-०१ साली जेकब मार्टिन यांच्या संघाने रेल्वेला हरविले. त्या विजयाचा एक शिल्पकार होता श्रीरामपूरचा झहीर खान. मुंबईत त्याच्या वाट्याला संधी येईना म्हणून तो बडोद्यास गेला होता. तो भारतीय संघासाठी गेला असताना रिकाम्या झालेल्या जागी त्याच हंगामात बडोद्याने ज्या पोरसवदा गोलंदाजाला उभे केले, तो मशिदीच्या आवारात वाढलेला, मेहंदी शेख यांच्या हाताखाली घडलेला इरफान पठाण. एक उसना आणि एक घरचा असे दोन डावखुरे वेगवान गोलंदाज एका हंगामात लाभणे हे भाग्य खरे. पण घरचा गडी तयार होता म्हणूनच ते भाग्य पदरात पडले. झहीर पुढे मुंबईस परतला. पाहुणा जातोच. तो गेल्यावर घरात कोण उरले, एवढेच पाहावयाचे असते.

दहा वर्षांनी, २०१०-११च्या अंतिम सामन्यात, बडोद्याच्याच मैदानावर बडोद्याला पहिल्या डावातील पिछाडीवर करंडक गमवावा लागला. तो नेला कोणी? तळाच्या गटातून आलेल्या राजस्थानने, आणि त्या संघाचा कर्णधार होता पुण्याचा हृषीकेश कानिटकर! त्याच्या सोबतीला दिल्लीचा आकाश चोप्रा होता. म्हणजे बडोद्याची जुनी विद्या दुसऱ्याने आत्मसात करून बडोद्यावरच चालविली. त्याच राजस्थानाकडे २०२१ साली बडोद्याचा दीपक हूडा निघून गेला. त्या वर्षाच्या जानेवारीत स्पर्धेच्या तोंडावर कर्णधाराशी बेबनाव झाला म्हणून उपकर्णधार शिबिर सोडून जातो, त्याला उर्वरित हंगामासाठी दूर ठेवण्यात येते, आणि पुढच्याच वर्षी तोच खेळाडू भारताकडून खेळताना दिसतो! या प्रकरणात दोष कोणाचा, याचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु दोघा खेळाडूंच्या भांडणात दोघांनाही कान धरून बसविण्याचा अधिकार ज्याच्यापाशी असावा, असा वडीलधारा माणूस त्या ड्रेसिंगरूममध्ये नव्हता, हे सांगावयास न्यायाधीश लागत नाही.

त्याच वर्षी बडोद्याने डेव्ह व्हॉटमोर यांना पाचारण केले. १९९६ साली श्रीलंकेला विश्वचषक जिंकून देणारा आणि केरळला २०१८-१९ साली रणजीच्या उपांत्य फेरीपर्यंत नेणारा हा मार्गदर्शक. त्यांच्या योग्यतेविषयी कोणी शंका घेणार नाही. आम्हांस खटकते ते निराळेच. २०१८ साली खुद्द बडोद्याचा इरफान पठाण खेळाडू आणि मार्गदर्शक अशा दुहेरी नात्याने जम्मू-काश्मीरला गेला होता. डोंगराळ मुलखातील मुलांना हाताशी धरून त्याने तेथे काम आरंभिले. २०२५च्या प्रारंभी त्याच जम्मू-काश्मीरच्या संघाने बडोद्यास येऊन बडोद्याचा पराभव केला आणि बाद फेरीचा दरवाजा यजमानांच्या तोंडावर लावून घेतला. गंमत अशी की, त्या संघाचा कर्णधारही हिमाचलचा पारस डोग्रा, पाहुणाच! पण त्याच्या भोवतीची मुले काश्मीरच्या खोऱ्यातली आणि जम्मूची होती. बडोद्याने आपला वस्ताद दुसऱ्याच्या आखाड्यात जाऊ दिला आणि स्वतःसाठी सातासमुद्रापलीकडून गुरू आणला. पिकते तेथे विकत नाही, दुसरे काय!

बडोद्याकडे गुणवत्ता नाही असे मात्र कोणी समजू नये. २०२४च्या डिसेंबरात सिक्कीमविरुद्ध वीस षटकांत ३४९ धावा चोपून याच संघाने विश्वविक्रम केला. गुण आहेत, ते पाच महिन्यांच्या हंगामात एकत्र बांधून ठेवणारा धागा वारंवार तुटतो.

गोमंतकीयांना हे कोडे अपरिचित नसावे. फुटबॉलमध्ये आपण त्याचे उत्तर एकदा दिलेले आहे. धेंपो क्लबने २००५ ते २०१२ या काळात पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद पटकाविले. त्यात नायजेरियाचा रँटी मार्टिन्स होता, ब्राझीलचा बेटो होता. पण बाकावर एका तपाहून अधिक काळ बसून होते ते आर्मांदो कुलासो, येथलेच. विदेशी खेळाडूला कोणत्या जागी खेळवावे आणि घरच्या पोराला केव्हा रागवावे हे त्यांना ठाऊक होते, कारण दोन पराभव झाले की प्रशिक्षक बदलण्याची घाई तेथे कोणी केली नाही.

क्रिकेटच्या बाबतीत हा धीर आपल्याकडे दिसत नाही. २०२२ साली अर्जुन तेंडुलकर मुंबईहून आला आणि पदार्पणातच शतक करून गेला. त्याचे स्वागतच आहे. २०२५ साली यशस्वी जयस्वाल येणार म्हणून महिनाभर आपण हुरळून गेलो; तो मुंबईतच राहिला. त्या महिन्यात कोणी डिचोलीच्या, फोंड्याच्या, काणकोणच्या शाळा-महाविद्यालयांतून किती मुले जाळीत सरावाला येतात, त्यांना शिकविणारा कोण, आणि त्याला वेतन किती महिन्यांचे मिळते, याची विचारपूस केली काय? राज्य संघात तीन पाहुण्यांना जागा देता येते. म्हणजे उरलेल्या आठ जागा भरण्याची जबाबदारी येथील मैदानांची आहे, आणि त्या आठांचे शिक्षण वयाच्या बाराव्या वर्षी सुरू व्हावे लागते.

आमची गोवा क्रिकेट संघटनेला सूचना अशी की, राज्याच्या मुख्य प्रशिक्षकाची नेमणूक किमान चार हंगामांसाठी करावी आणि ती मध्येच रद्द करावयाची झाल्यास कारण जाहीर करावे. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक खेळाडूच्या करारात, हंगाम नसलेल्या काळात ठराविक दिवस तालुक्याच्या मैदानांवर मुलांना शिकविण्याचे कलम घालावे. ज्यांनी ६०६ धावा केल्या त्या दोघांनाही याच कामी आतापासून जोडून घ्यावे. खेळण्याचे वय संपल्यावर त्यांना दुसऱ्या राज्याने बोलावून नेण्याची वाट पाहू नये.