भाताला दोष देण्याआधी तेलाचा डबा बघा

वजन कमी करायचं ठरलं की ताटातून सगळ्यात आधी भात हद्दपार होतो. भाताने पोट सुटतं, भाकरीने सुटत नाही, हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की कोणी हिशेब करून बघतच नाही. १०० ग्रॅम कोरडे तांदूळ घ्या की १०० ग्रॅम ज्वारीचं पीठ, उष्मांक दोन्हींत साडेतीनशेच्या आसपासच. ज्वारीत चोथा जास्त असल्यामुळे पोट भरल्यासारखं वाटतं आणि भूक उशिरा लागते, हा भाकरीचा खरा फायदा. पण म्हणून दोनाच्या चार भाकऱ्या खाल्ल्या, तर तो फायदा तिथेच संपला.

‘आठवड्याला दोन उपवास करते, तरी वजन हलत नाही,’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते. उपवासाची बशी जवळून पाहिली की कारण कळतं. ७५ ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम दाण्याचा कूट, मोठा चमचाभर तूप, दोन-चार बटाट्याच्या फोडी: झाले जवळजवळ सहाशे उष्मांक. तेवढ्यात दोन भाकऱ्या, वाटीभर आमटी आणि पालेभाजी असं अख्खं जेवण होतं. शिवाय साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा निव्वळ स्टार्च. त्यात प्रथिनं नावालाच. म्हणून खिचडी खाऊन दोन तास होत नाहीत तोच वेफर्सचा डबा उघडतो. उपवास श्रद्धेने जरूर करावा, पण तो वजनाच्या खात्यात धरू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये.

सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध घेतल्याने चरबी ‘वितळते’, हाही असाच पक्का समज. पाणी चांगलंच, लिंबूही चांगलं. मधाच्या प्रत्येक लहान चमच्यामागे मात्र वीसेक उष्मांक पोटात जातात.

घामाचंही तेच. कमरेला पट्टा आवळून किंवा प्लॅस्टिकचं जाकीट घालून धावलं की काटा किलोभर खाली दिसतो, पण ते शरीरातलं पाणी असतं. तांब्याभर पाणी प्यायलं की परत येतं. चरबी जळते तेव्हा तिचा बहुतांश भाग कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतो. पोटाच्या व्यायामांनी फक्त पोटाचीच चरबी उतरते, हेही खरं नाही. त्यांनी स्नायू बळकट होतात. चरबी कुठून आधी जाईल, ते शरीर ठरवतं.

मग व्यायामाने काय होतं? अर्धा तास भरभर चाललं तर साधारण सव्वाशे ते दीडशे उष्मांक खर्च होतात. एका वडापावात त्याच्या दुप्पट असतात. त्यामुळे ‘चालून आलो, आता काहीही खाल्लं तरी चालेल’ हा हिशेब चुकतोच. तरीही चालणं सोडू नका. उतरलेलं वजन पुन्हा चढू न देण्यात, साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवण्यात व्यायामाचा वाटा फार मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते आणि त्याखेरीज दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा. दुसऱ्यासाठी जिमच हवी असं नाही. बैठका आणि जोर घरीही होतात.

‘मी बारीक आहे, मला काय होणार?’ म्हणणाऱ्यांनी पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं उदाहरण लक्षात ठेवावं. २००४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. आपल्यासारख्यांनी म्हणूनच काट्याबरोबर टेपही वापरावी: पुरुषांची कंबर ९० आणि स्त्रियांची ८० सेंटीमीटरच्या आत हवी.

आता स्वयंपाकघरात जा. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज ४० मिलिलिटरहून जास्त, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास उष्मांक नुसत्या तेलातून जातात. ते तीन लिटरवर आणलं, तर रोजचे १४० च्या आसपास उष्मांक वाचतात, जवळजवळ अर्ध्या तासाच्या चालण्याएवढे. येत्या महिन्याच्या किराणा यादीत तेवढा एक आकडा बदला आणि भात खुशाल वाटीने मोजून खा.