पाती, नळ्या आणि उघडी भोकं

१९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या हवाई तळांवर स्पिटफायर आणि हरिकेन विमानं मोहिमेवरून परतू लागली, की धावपट्टीच्या कडेला उभे असलेले मेकॅनिक आधी कान द्यायचे. या विमानांच्या पंखांत मशीनगन बसवलेल्या असत. आत ओल, धूळ किंवा बर्फ जाऊ नये म्हणून उड्डाणाआधी त्यांच्या तोंडांवर कापडी पट्ट्या चिकटवत. वैमानिकानं गोळीबार केला की त्या पट्ट्या फाटत आणि मग परतीच्या वाटेवर उघड्या तोंडांवरून जाणारा वारा शीळ घाले. शीळ ऐकू आली म्हणजे विमान लढून आलंय. ते जमिनीला टेकायच्या आतच गोळ्यांच्या माळा घेऊन मंडळी तयार. नुसतीच घरघर आली, तर आज शत्रूशी गाठ पडली नाही.

विमानाचा आवाज म्हणजे इंजिनाचा आवाज, ही आपली समजूत अर्धीच खरी आहे, हे या मेकॅनिकांना पक्कं ठाऊक होतं. जुन्या लढाऊ विमानाच्या आवाजात इंजिन असतं, पंख्याची पाती असतात, धुराड्याच्या नळ्या असतात आणि अंगावरची लहानमोठी भोकंही असतात. यातला जवळजवळ कुठलाच आवाज कुणी मुद्दाम घडवलेला नाही. कुठेतरी वाया गेलेली ऊर्जा, कुठेतरी वजन वाचवण्यासाठी केलेली काटकसर, कुठेतरी बुजवायची राहिलेली फट: ऐकू येतं ते हेच.

हा विषय भंडारा जिल्ह्यातल्या शहापुरात बसून का काढायचा, असं कुणी विचारेल. शहापूर हे भंडारा–नागपूर महामार्गालगतचं गाव. शेजारी जवाहरनगरची आयुध निर्माणी. आवाज ऐकून तो कशाचा हे ताडायची सवय इथल्या माणसांना परिस्थितीनंच लावली आहे. २४ जानेवारी २०२५ च्या तिथल्या स्फोटाचा आवाज इथे कुणी विसरणार नाही. आकाशाच्या बाबतीतही हा मुलूख मुका नव्हता. पश्चिमेला नागपूरचं सोनेगाव, दुसऱ्या महायुद्धात लष्करी वापरात असलेला तळ. आज वायुसेनेच्या देखभाल विभागाचं, म्हणजे मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय नागपुरातच आहे. पूर्वेला गोंदियाजवळ बिरसी. तिथली धावपट्टी ब्रिटिशांनी त्याच युद्धाच्या काळात बांधली, आणि १९९९ साली गोंदिया वेगळा जिल्हा होईपर्यंत ती भंडारा जिल्ह्यातच मोजली जायची. आता तिथे वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं.

सुरुवात इंजिनापासूनच करू. स्पिटफायरचं रोल्स-रॉइस मर्लिन हे बारा सिलिंडरांचं, २७ लिटर क्षमतेचं इंजिन. सहा-सहा सिलिंडरांच्या दोन रांगा, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन आवर्तनांत एकदा पेटतो, म्हणजे एका आवर्तनात सहा स्फोट. मिनिटाला ३००० आवर्तनं धरली तर सेकंदाला ३०० स्फोट होतात, आणि ते अगदी समान अंतरानं. मर्लिनच्या आवाजाला जो सूर लागतो तो या समान अंतरामुळे. स्फोट अनियमित असते तर नुसता खडखडाट झाला असता.

आता धुराडं. मोटारीत धूर लांब नळीतून आणि सायलेन्सरमधून फिरून येतो. मर्लिनला सायलेन्सर नाही. प्रत्येक सिलिंडरापासून वीतभर नळी निघते आणि मागे वळून उघड्यावरच संपते. वजन वाचतं, शिवाय मागे फेकलेल्या धुराचा थोडा रेटाही मिळतो. त्यामुळे प्रत्येक स्फोट जवळजवळ कच्चाच कानावर येतो. वैमानिकानं उतरताना थ्रॉटल ओढली की न जळलेलं इंधन या आखूड नळ्यांत पेटतं आणि फटफट असे बार निघतात. या सगळ्यावर एक बारीक, उंच किणकिण तरंगते ती सुपरचार्जरची. विरळ हवेत इंजिनाचा दम टिकावा म्हणून हवा कोंबणारा हा पंखा इंजिनाच्या आठ-नऊ पट वेगानं, मिनिटाला पंचवीस हजारांच्या आसपास फिरतो.

तारकाकृती इंजिनाची, म्हणजे रेडियलची, जात वेगळी. त्यात सिलिंडर गोलाकार मांडलेले, एका रांगेत विषम संख्येत. नऊ असतील तर पेटण्याचा क्रम १, ३, ५, ७, ९ आणि मग २, ४, ६, ८. स्फोट इथेही समान अंतरानंच होतात, पण हार्वर्डसारख्या विमानात सगळा धूर एका गोल नळीत गोळा होऊन एकाच तोंडातून बाहेर पडतो. जवळच्या सिलिंडराचा धक्का लवकर पोचतो, लांबच्याचा उशिरा. समान पेटलेलं कानापर्यंत येताना असमान होतं आणि मर्लिनच्या गाण्याऐवजी गुरगुर ऐकू येते. स्वातंत्र्यानंतर काश्मीरच्या आघाडीवर आपल्या हवाई दलाची जी टेम्पेस्ट विमानं होती, त्यांचं सेंटॉरस इंजिन असंच, पण अठरा सिलिंडरांचं. पुढे वायुसेनाप्रमुख झालेले हृषीकेश मुळगावकर यांना महावीरचक्र मिळालं ते याच काश्मीर मोहिमेतल्या कामगिरीबद्दल.

हार्वर्डबद्दल मात्र सावकाश बोलायला हवं, कारण त्याची खरी कर्कशता इंजिनातून येतच नाही. वैमानिकांच्या कित्येक पिढ्या या प्रशिक्षण विमानावर तयार झाल्या, आणि वायुसेनेच्या ऐतिहासिक विमानांच्या ताफ्यात एक उडतं हार्वर्ड आहे. ते धावपट्टी सोडताना कापड फाडल्यासारखा जो आवाज येतो तो पात्यांच्या टोकांचा. हिशेब घरबसल्या करता येतो. दोन पात्यांचा पंखा, व्यास नऊ फूट म्हणजे २.७४ मीटर. इंजिन आणि पंखा यांच्यामध्ये वेग कमी करणारं गिअर नाही, त्यामुळे इंजिन मिनिटाला २२५० फिरलं तर पंखाही २२५०. पात्याचं टोक एका फेरीत साडेआठ मीटरांहून थोडं अधिक कापतं आणि सेकंदाला साडेसदतीस फेऱ्या होतात. वेग भरतो सेकंदाला ३२३ मीटर. त्यात विमानाची पुढची धाव मिसळली की ३२६ च्या घरात. ध्वनीचा वेग साधारण ३४०. पात्याच्या फुगीर पाठीवरून हवा आणखी वेगानं घसरते, ती तेवढ्या पट्ट्यात ध्वनीची मर्यादा ओलांडते आणि प्रत्येक फेरीत आघातलहरी सुटतात. विमान उडतंय ताशी दीडशे किलोमीटरनं आणि त्याच्या पंख्याची टोकं ध्वनीच्या उंबरठ्यावर!

विदर्भातल्या वाचकासाठी यात एक गंमत आहे. ध्वनीचा वेग तापमानाप्रमाणे बदलतो. डिसेंबरच्या पहाटे पारा १२ अंशांवर असताना तो सेकंदाला सुमारे ३३८ मीटर. मे महिन्यात ४५ अंशांत सुमारे ३५७. म्हणजे तेच हार्वर्ड, तीच आवर्तनं, पण सोनेगावच्या थंडीत त्याची पाती ध्वनीच्या वेगाच्या ९६ टक्क्यांवर आणि उन्हाळ्यात ९१ टक्क्यांवर. हे पाच टक्के या टप्प्यावर फार मोलाचे आहेत. भर उन्हात त्याची धार बोथट व्हायला हवी, असं गणित सांगतं.

स्पिटफायरमध्ये गिअर असल्यामुळे पंखा इंजिनाच्या निम्म्याहून कमी वेगानं फिरतो. चार पात्यांचा पंखा मिनिटाला १४३० च्या आसपास, म्हणजे सेकंदाला सुमारे ९५ ठोके. इंजिनाच्या ३०० च्या खाली हा ९५ चा खर्ज. माझ्या मते मर्लिनच्या आवाजाला लोक इतके भुलतात ते या जोडीमुळे. नुसतं इंजिन खाली स्टँडवर चालवून दाखवलं तर ते मोठ्या ट्रकच्या जातीचंच वाटेल.

विमान डोक्यावरून निघून जाताना सूर कोसळतो, त्याचं कारण डॉप्लर परिणाम, हे शाळेत शिकलेलं असतं. तो किती कोसळतो ते मात्र कुणी सांगत नाही. ताशी ५०० किलोमीटरनं येणाऱ्या विमानाचा ३०० चा सूर समोरून ५०० च्या थोडा वर ऐकू येतो आणि पाठमोरं झाल्यावर २१३ वर उतरतो. सप्तकाहूनही जास्त. तार सप्तकातल्या कोमल गांधाराच्या आसपासून मध्य षड्जापर्यंतची ही मींड. विमान झाडांच्या शेंड्यांवरून गेलं तर ती क्षणात संपते, उंचावरून गेलं तर सावकाश उतरते. सरावलेला कान त्यावरून उंचीचा अंदाज बांधतो.

आता भोकांकडे. भारतीय वायुसेनेत १९५७ पासून आलेलं हॉकर हंटर हे जेट विमान जगभर त्याच्या ‘ब्लू नोट’साठी प्रसिद्ध आहे. ठरावीक वेगाला आलं की जेटच्या गर्जनेवर एक लांब, करुण हुंकार उमटतो. नाकाखाली ३० मिलिमीटरच्या चार तोफा, आणि त्यांच्या उघड्या तोंडांवरून सुसाट जाणारी हवा हे त्याचं मानलं गेलेलं कारण. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की आतली हवा घुमते, तसंच हे. वेग कमी असला तर घुमत नाही, फार वाढला तर सूर सुटतो. मधल्या एका पट्ट्यातच तो लागतो. १९६५ च्या युद्धात हलवाऱ्याहून सातव्या स्क्वाड्रनची हंटर उडत होती आणि त्यांतले एक वैमानिक प्रकाश पिंगळे यांना वीरचक्र मिळालं. हुंकार ऐकायचं सुख जमिनीवरच्यांना. बंद कॉकपिटमध्ये वैमानिकाच्या वाट्याला तो क्वचितच यावा.

अमेरिकी मस्टँगची शीळ याच कुळातली. कॉर्सेअरच्या पंखांच्या मुळाशी तेल थंड करणाऱ्या जाळ्यांसाठी हवेची तोंडं होती. सूर मारताना ती अशी किंचाळत की विमानाला ‘शीळ घालणारा मृत्यू’ असं नाव पडलं. जर्मन श्टूका मात्र या यादीतला अपवाद. त्याच्या चाकांच्या खांबांवर चिमुकला पंखा लावून भोंगा मुद्दामच बसवला होता, खालच्या माणसांचा धीर सुटावा म्हणून. त्या भोंग्यामुळे विमानाचा वेग घटतो हे लक्षात आल्यावर पुढे तो बऱ्याच विमानांवरून काढला. सिनेमावाल्यांनी तो उचलला तो कायमचाच. आजही पडद्यावर कुठलंही विमान कोसळलं की तेच रडगाणं ऐकू येतं, मग ते विमान मालवाहू का असेना.

जेट युगानं आवाजाचं व्याकरणच बदललं. स्फोट मोजायला राहिले नाहीत. आत अखंड ज्वाला, बाहेर तप्त वायूचा झोत. झोत आणि भोवतालची स्तब्ध हवा यांच्या घुसळणीतून गर्जना जन्मते. १९५२ साली जेम्स लाइटहिल यांनी दाखवून दिलं की या आवाजाची शक्ती झोताच्या वेगाच्या आठव्या घाताप्रमाणे वाढते: वेग दुप्पट, तर शक्ती २५६ पट. जुनी लढाऊ जेट विमानं कानठळ्या बसवत आणि आजची प्रवासी विमानं त्यामानानं सोज्वळ वाटतात, त्याचं मूळ इथे आहे. नव्या इंजिनांनी भरपूर हवा हळू फेकायला सुरुवात केली. जुनी मोजकी हवा भयंकर वेगानं फेकत.

महाराष्ट्रात या गर्जनेचं माहेर नाशिकजवळचं ओझर. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या तिथल्या कारखान्यात मिग-२१ विमानं बांधली गेली. आफ्टरबर्नर पेटताना आधी धप्प असा दणका आणि मग झोतातून येणारी तडतड, ही मिगची ओळख. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला वायुसेनेनं त्यांना निरोप दिला, म्हणजे आता तीही जुन्या विमानांत जमा. नाशिक परिसरात ‘गूढ आवाजा’ची बातमी अधूनमधून छापून येते. आकाशातून आलेल्या अशा दणक्यामागे बहुतेकदा ध्वनीहून वेगानं गेलेलं एखादं लढाऊ विमान असतं. विमानाच्या पुढची आणि मागची आघातलहर लागोपाठ पोचते, म्हणून नीट ऐकलं तर दणके दोन असतात.

भंडाऱ्याच्या आकाशाचा स्वतःचा असा आवाज मात्र लढाऊ विमानाचा नव्हता. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची विमानटपाल सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून विमानं निघत, मध्यरात्री सोनेगावला एकत्र येत, पिशव्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती परत आपापल्या शहरी. कलकत्ता आणि नागपूर यांच्यामध्ये नकाशावर सरळ रेघ ओढली तर ती भंडाऱ्याच्या अगदी जवळून जाते. म्हणजे वर्षानुवर्षं रात्री दोनदा, येताना आणि जाताना, इथल्या शिवारांवरून डकोटा गेल्या असणार. युद्धात घडलेलं हे विमान, दोन इंजिनांचं, प्रत्येकी चौदा सिलिंडर.

दोन इंजिनं कधी तंतोतंत एका वेगानं फिरत नाहीत. एक मिनिटाला २०५० वर आणि दुसरं २०८० वर असेल, तर गिअरमधून उतरून त्यांच्या तीन-तीन पात्यांचे ठोके सेकंदाला ५७.७ आणि ५८.५ पडतात. दोन्ही कधी एकमेकांना साथ देतात, कधी एकमेकांना खोडतात. म्हणून सव्वा सेकंदाला एकदा आवाज फुगतो आणि ओसरतो: घूंऽ घूंऽ घूंऽ. लंडनकरांना जर्मन बाँबफेकी विमानांची जी धडकी भरायची ती याच घोंघावण्याची. इथे तेच घोंघावणं पोस्टाच्या पिशव्या घेऊन यायचं. हिवाळ्यात तर ते फार लांबून ऐकू येत असणार. रात्री जमिनीलगतची हवा गार होते, वरची उबदार राहते आणि वर निसटू पाहणारा ध्वनी खाली वळतो. त्यात धान कापून मोकळी झालेली बांध्यांची शेतं, भरलेले तलाव आणि रस्त्यावर वाहन नाही.

वायुसेनेकडे आज ‘परशुराम’ नावाची एक डकोटा उडत्या स्थितीत आहे; २०१८ मध्ये ती ताफ्यात आली आणि तिला व्हीपी ९०५ हा क्रमांक दिला, १९४७ साली श्रीनगरला सैनिक उतरवणाऱ्या डकोटाचा. तिच्या उड्डाणांच्या चित्रफिती सहज सापडतात. त्या मोबाइलवर लावू नयेत. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला ५८ चा खर्ज झेपतच नाही; त्याच्या वरचे, दुपटी-चौपटीचे सूर तेवढे ऐकू येतात, आणि त्यांचं फुगणं-ओसरणंही त्याच पटीत घाईचं असतं. चांगले हेडफोन लावावेत, नाहीतर घरात गणपतीसाठी आणलेला मोठा स्पीकर असेल तर तो काढावा.