संदर्भनिर्देशाचे प्रयोजन : बजबजच्या घटनेच्या आधारे काही विचार

विद्यापीठीय निबंधात आधारग्रंथांचा निर्देश कसा करावा, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा तळटीपांच्या मांडणीचा म्हणून हाताळला जातो. साहजिकच विद्यार्थ्यांना तो परीक्षकाने लादलेला उपचार वाटतो. वस्तुतः संदर्भनिर्देशाचा संबंध विधानाच्या ग्राह्याग्राह्यतेशी आहे. एका परिचित ऐतिहासिक घटनेच्या आधारे हे स्पष्ट करता येईल.

कोलकात्याच्या नैर्ऋत्येस, हुगळीच्या पूर्व काठावर बजबज वसले आहे. ३७६ प्रवाशांना घेऊन मे १९१४ मध्ये व्हँकूव्हरला पोहोचलेल्या ‘कोमागाता मारू’ या जहाजातील बहुतेकांना कॅनडाने उतरू दिले नाही. २३ जुलै रोजी परत फिरलेल्या या जहाजाचे प्रवासी २९ सप्टेंबर १९१४ रोजी बजबज येथे उतरवण्यात आले. त्यांना खास आगगाडीने पंजाबात धाडण्याचा सरकारचा बेत होता. पुष्कळसे प्रवासी मात्र कोलकात्याच्या दिशेने पायी निघाले. त्यांना मागे वळवून आणल्यावर संध्याकाळी रेल्वेस्थानकाजवळ झटापट व गोळीबार झाला.

या घटनेविषयी लिहू पाहणाऱ्यास पहिली अडचण मृतांच्या संख्येची येते. कोठे १९, कोठे २०, तर कोठे २६ असे आकडे आढळतात. केवळ प्रवासी मोजले की पोलीस, अधिकारी आणि बघेही त्यात धरले, यावर आकडा बदलतो. आधार न देता ‘२० ठार’ असे लिहिणारा विद्यार्थी चोरी करतोच असे नाही. पण आपले विधान तपासण्याचा मार्ग तो वाचकापुरता बंद करतो.

दुसरी अडचण शब्दाची. सरकारी कागदपत्रांत या प्रसंगाला ‘दंगा’ म्हटले आहे. सर विल्यम व्हिन्सेंट यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने पोलिसांच्या वर्तनाचे समर्थन केले. जहाजाचे नेते बाबा गुरदित सिंग यांनी लिहिलेली हकीकत याच्या अगदी विरुद्ध आहे. तेव्हा ‘दंगा’ वा ‘हत्याकांड’ यांपैकी कोणताही शब्द उसना घेताना त्यामागची भूमिकाही उसनी घेतली जाते. तो शब्द कोणाचा, हे न सांगितल्यास एका पक्षाचे म्हणणे सर्वमान्य सत्याच्या वेषात मराठीत येते. संदर्भनिर्देशाचे खरे प्रयोजन येथे दिसते.

आपल्या काव्यशास्त्राला ही चर्चा नवी नाही. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त शब्दहरण आणि अर्थहरण असा भेद करून त्यांचे सविस्तर विवेचन केले आहे. विद्यार्थी शब्दहरण टाळण्यास लवकर शिकतो. अवतरणचिन्हे दिली की ते साधते. अर्थहरण अधिक फसवे असते. मूळ परिच्छेदातील शब्द बदलून युक्तिवादाचा क्रम तसाच ठेवला, तर उद्धरण नसले तरी ऋण असतेच, आणि ते नोंदवणे आवश्यक असते.

भारतीय भाषांच्या अभ्यासकाला आणखी दोन पथ्ये पाळावी लागतात. पहिले भाषांतराचे. बंगाली, पंजाबी वा इंग्रजी ग्रंथातील मजकूर मराठीत आणला की तो आपला झाला, असा समज आढळतो. अशा वेळी मूळ ग्रंथ व पृष्ठ देऊन ‘अनुवाद प्रस्तुत लेखकाचा’ असे नोंदवावे. दुसरे पथ्य दुय्यम आधाराचे. चौकशी समितीचा अहवाल प्रत्यक्ष न पाहता त्यातील उतारा ह्यू जॉन्स्टन यांच्या १९७९ च्या ग्रंथातून घेतला असेल, तर ‘जॉन्स्टन यांच्या ग्रंथात उद्धृत’ असे स्पष्ट लिहावे. थेट अहवालाचा हवाला दिल्यास न केलेल्या वाचनाचे श्रेय लेखक स्वतःकडे घेतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्यप्रतिबंधाचे विनियम केले. त्यांत १० टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य मानले आहे. ६० टक्क्यांहून अधिक साम्य असलेल्या प्रबंधाच्या लेखकाची नोंदणी रद्द करण्याची तरतूद आहे. परंतु वर्गातील स्वाध्याय, सत्रनिबंध आणि उत्तरपत्रिका या विनियमांच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. म्हणजे ज्या वयात सवय जडते, तेथे नियमाचा धाक नाही. ती जबाबदारी अध्यापकाची आहे. शिवाय शब्दसाम्य मोजणाऱ्या यंत्राला बंगालीतून मराठीत झालेले अर्थहरण सहसा दिसत नाही.

म्हणून अध्यापकाने निबंध तपासताना ‘हे कोठून घेतले?’ या प्रश्नाबरोबरच ‘हे कोण म्हणतो, आणि त्याला ते कसे ठाऊक?’ हेही विचारावे. बजबजसारख्या घटनेत, जिथे मृतांच्या आकड्याविषयीही एकवाक्यता नाही, तिथे या प्रश्नाचे उत्तर देणारी तळटीप निबंधाचा अविभाज्य भाग ठरते. ती नीट देणे हा वाचकाविषयीचा आदर आहे, आणि ज्यांच्याविषयी आपण लिहितो त्या माणसांविषयीचाही.