धान्य पोचलं, पण ताटात आलं का?

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली आणि हातावर पोट असलेल्या घरांत उद्याच्या जेवणाची काळजी सुरू झाली. स्वमग्न, म्हणजेच ऑटिझम असलेलं मूल ज्या घरात आहे, तिथे या काळजीला आणखी पदर होते. त्यांविषयीचे गैरसमज आजही कायम आहेत.

गैरसमज : भूक लागली की मूल समोर येईल ते खातं.
वस्तुस्थिती : अनेक स्वमग्न मुलांना पदार्थाचा वास, रंग, मऊ-कुरकुरीतपणा फार तीव्रतेने जाणवतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधन-आढाव्यानुसार खाण्याच्या अडचणी या मुलांत इतरांच्या सुमारे पाचपट आढळतात. ठरावीक बिस्किट किंवा ठरावीक तांदळाचा भात मिळेनासा झाला, तर काही मुलं उपाशी राहतात, पण दुसरं काही तोंडात घेत नाहीत. हा हट्ट नाही आणि लाडाचा परिणामही नाही.

गैरसमज : मोफत रेशनने प्रश्न सुटला.
वस्तुस्थिती : गरीब कल्याण अन्न योजनेतून एप्रिल २०२० पासून माणशी दरमहा ५ किलो धान्य मोफत मिळालं. हा आधार मोठा होता, पण अन्नसुरक्षा कायद्याच्या यादीत नाव असलेल्यांनाच. सर्व पात्र दिव्यांगांना या यादीत घ्या, असं केंद्राला ऑगस्टमध्ये राज्यांना कळवावं लागलं.

गैरसमज : दिव्यांगांना पेन्शन मिळतेच.
वस्तुस्थिती : केंद्राची दिव्यांग पेन्शन दारिद्र्यरेषेखालील, १८ वर्षांवरील आणि ८० टक्के अपंगत्व असलेल्यांसाठी आहे. तिच्यात केंद्राचा वाटा दरमहा ३०० रुपये. लहान स्वमग्न मूल या योजनेत बसतच नाही. त्यातच मुलाला सांभाळण्यासाठी आई किंवा वडिलांनी नोकरी सोडलेली असेल, तर एकाच कमाईवर घर चालतं. ती थांबली की सगळंच थांबतं.

गैरसमज : दुकान उघडं आहे, मग अडचण कसली?
वस्तुस्थिती : गर्दी आणि गोंगाट सहन न होणाऱ्या मुलाला रांगेत नेता येत नाही आणि घरी एकटं ठेवताही येत नाही. दिव्यांगांना जीवनावश्यक वस्तू घरपोच द्याव्यात, असं केंद्राच्या मार्च २०२० मधील मार्गदर्शक सूचनांतच होतं. ते गल्लीपर्यंत पोचवायला मात्र वस्तीतल्या दिव्यांग व्यक्तींची यादी आधीपासून हाताशी लागते.

पुढच्या संकटाची तयारी म्हणून ही यादी प्रत्येक प्रभागात आणि गावात आजच करायला हवी. तिच्यात नाव-पत्त्यासोबत एक रकाना हवाच : ही व्यक्ती काय खाते?