दुसरं क्लॅरिनेट कुठलं घ्यायचं?

मुलींच्या होस्टेलवर संध्याकाळी सात ते आठ जो आवाज येतो तो सनईचा नाही, आणि कुणाचं लग्नही नाही. ते माझं क्लॅरिनेट. रूम पार्टनर आणि रेक्टर मॅडम दोघींची माफी मागून हा लेख लिहितेय. (शाळा कॉन्व्हेंटची, तेव्हा मराठीच्या चुका पोटात घाला.)

तेव्हा आम्ही वरळीला बीडीडी चाळीत राहायचो. १६० चौरस फुटांची खोली आणि सरावाला जागा म्हणजे गॅलरीचं टोक. आजोबा मिलमध्ये होते आणि लग्नसराईत बँडमध्ये वाजवायचे. त्यांच्या जुन्या लाकडी क्लॅरिनेटवरच मी शाळेच्या बँडसाठी शिकले. इथे ॲडमिशन झाल्यावर पप्पांनी वीस हजार बाजूला काढले आणि म्हणाले, "जाताना अजून एक घे, तुला हवं ते." हवं ते म्हणजे कुठलं, इथेच घोडं अडलं.

कारण क्लॅरिनेटचं अख्खं खानदान आहे. बँडमध्ये आपण बघतो ते बी फ्लॅट, साधारण ६६ सेंमी लांब. त्याच्यावर 'सी'ची बोटं ठेवून फुंकलं की पेटीवरची काळी पाच वाजते. 'ए' क्लॅरिनेट त्याहून जेमतेम चार सेंमी मोठं, पण त्याच बोटांना पांढरी सहा निघते. छोटं 'ई फ्लॅट' काळी दोन देतं. आणि बास क्लॅरिनेट बी फ्लॅटच्या एक सप्तक खाली घुमतं.

आता एवढी भावंडं कशाला? बारावीच्या फिजिक्सचा क्लोज्ड पाइप आठवा, ज्याचं डेरिव्हेशन आपण सगळ्यांनी पाठ केलं होतं. बासरी दोन्हीकडून उघडी असते, म्हणून जोरात फुंकली की तोच स्वर वरच्या सप्तकात लागतो. क्लॅरिनेटची नळी सरळ आणि रीडच्या बाजूने बंद असल्यासारखी वागते, म्हणून तिच्यात विषम हार्मोनिक्सचाच जोर. मागची रजिस्टर किल्ली दाबली की 'सा'चा वरचा 'सा' होत नाही, एकदम त्याच्याही पुढचा 'प' लागतो! मधली जागा भरायला जास्त भोकं, जास्त किल्ल्या. आजच्या बोएम पद्धतीच्या क्लॅरिनेटला १७ असतात. एवढा पसारा दहा बोटांनी सांभाळायचा, तर काही पट्ट्या सोप्या जातात आणि काही रडवतात. बी फ्लॅटवर काळी पाचमध्ये एकही शार्प नाही, काळी दोन आणि पांढरी चार पण सोप्या. पण पांढरी तीन म्हणजे सहा शार्प! तीच पट्टी 'ए'वर घेतली तर शार्प फक्त एक.

म्हणून माझा जीव 'ए'वर होता. मोझार्टचा १७९१ सालचा कॉन्चेर्टोसुद्धा 'ए'साठीच लिहिलेला. शिवाय 'ए' आणि बी फ्लॅटला माउथपीस एकच चालतं, त्यामुळे ऑर्केस्ट्रातले लोक मधेच वाद्य बदलताना ओल्या रीडसकट तेच माउथपीस काढून दुसऱ्याला लावतात. पण नवीन, चांगलं 'ए' लाखाच्या पुढे जातं. धोबी तलावला चौकशी करून आले आणि पप्पांना आकडा सांगितलाच नाही.

ई फ्लॅट मोठ्या बँडमध्ये सगळ्यांच्या डोक्यावरून ऐकू येतं. रूममध्ये काय होईल ते सांगायला नको. त्याचं माउथपीस आणि रीड पण वेगळे. बास तर पैशातही बसत नव्हतं आणि खाटेखालीही.

मग आजोबांनीच एक साधा प्रश्न विचारला, "माझं लाकडी तू तिकडे घाटावर नेणार का?" मी म्हटलं, अर्थात. ते गप्प बसले. वरळीला समुद्राची दमट हवा, पावसाळ्यात किल्ल्यांखालचे पॅड फुगून चिकटतात, पण लाकूड तगतं. इथे डिसेंबरात बाहेरून कोरडी गार हवा आणि आतून गरम ओलसर श्वास. आतलं लाकूड फुगतं, बाहेरचं आकसतं आणि चीर जाते. वाद्य त्यांचं, आणि तसं दुसरं मिळणार नव्हतं.

म्हणजे मी आतापर्यंत चुकीच्याच प्रश्नावर डोकं लढवत होते. पट्टी नंतर, आधी हवा. मी एबीएस प्लॅस्टिकचं साधं बी फ्लॅट घेतलं. "जे आहे तेच परत?" पप्पा म्हणाले. उरलेल्या पैशांत एक बरं माउथपीस आणि रीडचे दोन डबे आले. लाकडी वरळीतच राहिलं. प्लॅस्टिकचा आवाज थोडा कोरडा वाटतो, हे मात्र कबूल करते.

'ए' न घेतल्याचा पश्चात्ताप सेकंड इयरच्या गॅदरिंगला झालाच. आपल्या प्रत्येक मजल्यावर एक गिटारवाला आहे, आणि गिटारवाल्यांना मोकळ्या तारांमुळे ई, ए, डी, जी प्यारे. म्हणजे पांढरी तीन, सहा, दोन, पाच, नेमक्या बी फ्लॅटवर रडवणाऱ्या. तीन दिवस मी सहा शार्पांशी झटापट केली. चौथ्या दिवशी मेकॅनिकलच्या एका मुलाने गिटारच्या पहिल्या पडद्यावर कॅपो लावला. त्याची बोटं ई चीच राहिली, गाणं मात्र पांढरी चारवर गेलं, आणि माझ्याकडे सहाचा एक शार्प उरला. लाखाचं काम दीडशे रुपयांच्या चिमट्यात झालं. गाणारी तेवढी वैतागली, तिला अर्धा स्वर वर जावं लागलं. यंदा तिची पट्टी मी आधीच विचारून ठेवलीय.