जुन्या संगणक-फायली वेळीच उघडून ठेवा



धर्मग्रामाच्या कार्यालयातील कपाटात जुन्या फ्लॉपी पडून असतील, तर त्या टाकून देण्यापूर्वी थोडे थांबावे. बाप्तिस्म्याच्या नोंदींची यादी, रौप्यमहोत्सवी स्मरणिकेचा मजकूर किंवा कुटुंबांची गणना त्यांत असू शकते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशातील पावसाळी दमटपणात फ्लॉपीला बुरशी लागते. म्हणून हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही.

फ्लॉपीत केवळ १.४४ एमबी मजकूर मावत असे. त्यामुळे फायली आवळून ठेवण्याची पद्धत पडली. १९७७ साली लेम्पेल आणि झिव्ह यांनी मांडलेल्या पद्धतीचे तत्त्व सोपे आहे. यादीत ‘अहेरी, जिल्हा चंद्रपूर’ हे शब्द शंभरदा आले, तर ते एकदाच पूर्ण लिहावेत आणि पुढे ‘मागे पाहा’ एवढीच खूण ठेवावी. उलगडताना एकही अक्षर गळत नाही. मात्र मूळ ठिकाणीच बिघाड झाला, तर पुढील मजकूरही हातचा जातो.

याच काळात एआरजे, एलझेडएच अशी अनेक स्वरूपे आली. १९८९ मध्ये फिल कॅट्झ यांनी आणलेले झिप टिकले. इतर मागे पडली. एसीई स्वरूपातील फायली उघडण्याची सोय विनरारने २०१९ मध्ये सुरक्षेच्या कारणास्तव काढून टाकली.

प्रथम फ्लॉपीची संपूर्ण प्रत संगणकावर घ्यावी आणि काम प्रतीवरच करावे. सेव्हन-झिप हा विनामूल्य प्रोग्राम झिप, एआरजे व एलझेडएच फायली उघडतो. एकच एआरजे फाईल अनेक फ्लॉप्यांवर विभागलेली असल्यास ए०१, ए०२ असे सर्व भाग एकत्र ठेवावेत. उलगडण्यापूर्वी ‘टेस्ट’ करून फाईल शाबूत असल्याची खात्री करावी.

एवढ्याने काम संपत नाही. फाईल उघडते, पण मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग दिसते. जुन्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागी देवनागरी आकृत्या बसविलेल्या असत. युनिकोडने प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतंत्र क्रमांक दिला आहे. त्यात रूपांतर करण्यासाठी मूळ फाँटचे नाव हवे. ते ज्याने मजकूर टंकित केला त्यालाच बहुधा ठाऊक असते. ती व्यक्ती आहे तोवर विचारून घ्यावे. रूपांतरानंतर ऱ्हस्व इकार, रफार व जोडाक्षरे मूळ नोंदवहीशी ताडून पाहावीत.

ताडताना जुना मजकूर ‘सुधारण्याचा’ मोह टाळावा. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. त्यापूर्वीच्या नोंदीत अहेरीपुढे ‘जिल्हा चंद्रपूर’ असेल, तर ते बरोबरच आहे.

शेवटी मूळ फाईल, उलगडलेली फाईल आणि युनिकोड प्रत, अशा तिन्ही दोन वेगवेगळ्या ठिकाणी जपाव्यात. एखाद्या आजीच्या जन्मतारखेचा तेवढाच पुरावा उरलेला असू शकतो.