बाटली सामानात, जबाबदारी कोणाच्या डोक्यावर?

पडेगावहून आम्ही बोलतोय. हातातलं काम चालू ठेवा, पण कान इकडे असू द्या.

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील, काही जणी नाक मुरडतील. परदेशातून विमानाने घरी येताना सामानात दारूची बाटली आणायची असेल तर ती किती आणता येते, कशी बांधायची आणि कोणाची मुळीच आणायची नाही, हे आज सांगणार आहोत. ज्या गावांतल्या बायांनी मतदान करून बाटली आडवी केली, त्यांना हा विषय कशाला, असं कोणी म्हणेल. प्यावी की पिऊ नये, हे ज्याचं त्याने ठरवावं. आम्ही बोलणार आहोत ते बॅगेबद्दल, कारण ती बॅग पुष्कळदा आपल्या हातात असते.

आपल्या भागातली पोरं वाळूजच्या कंपन्यांत काम शिकतात आणि तिथून आखातात जातात. कोणाची लेक अमेरिकेत, कोणाची दुबईला. लेकीच्या बाळंतपणाला आई जाते, तीन-चार महिने राहते. निघायच्या दिवशी जावई दोन बाटल्या आणून ठेवतो. "मामी, तुमच्या बॅगेत जागा आहे, मामांसाठी एवढं न्या." मामी नाही म्हणत नाहीत. पण बॅगेला चिठ्ठी मामींच्या नावाची लागते, पासपोर्ट मामींचा असतो, आणि विमानतळावर साहेब विचारतात तेही मामींनाच. म्हणून नियम आपल्याला पाठ हवेत.

बाटलीला घरी पोचेपर्यंत तीन दारं ओलांडावी लागतात. पहिलं विमानाचं, दुसरं कस्टमचं, तिसरं आपल्या राज्याच्या कायद्याचं. एका दारातून सुटली म्हणजे तिन्हींतून सुटली, असं नसतं.

पहिलं दार : विमान

विमानात दोन प्रकारचं सामान असतं. एक हातातली पिशवी, जी आपण सोबत घेऊन बसतो. दुसरी मोठी बॅग, जी काउंटरवर वजन करून जमा होते आणि विमानाच्या पोटात जाते.

परदेशी विमानात हातातल्या पिशवीतून पातळ पदार्थ न्यायचा तर बहुतेक विमानतळांवर डबी-बाटली १०० मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही. अशा सगळ्या छोट्या बाटल्या मिळून एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत बसल्या पाहिजेत. २००६ च्या ऑगस्टमध्ये लंडनहून निघणाऱ्या विमानांत पेयाच्या बाटल्यांतून स्फोटक नेण्याचा कट उघडकीला आला, तेव्हापासून हा नियम आला. साहेबाला बाटलीत दारू आहे की तेल याच्याशी देणंघेणं नाही. लोणचं, तूप, काकवी, मध, खोबरेल, सगळ्याला हाच नियम. पाऊण लिटरची बाटली हातातल्या पिशवीत सापडली तर ती तिथेच टाकून द्यावी लागते, मग ती कितीही महागाची असो.

यात एक सवलत आहे. तपासणी झाल्यावर आतल्या करमुक्त दुकानातून, म्हणजे ड्यूटी फ्रीमधून घेतलेली बाटली हातात नेता येते. दुकानदार ती खास पिशवीत घालून चिकटवून देतो आणि पावती आत दिसेल अशी ठेवतो. ती पिशवी घरी पोचेपर्यंत फोडायची नाही. वाटेत दुसरं विमान धरायचं असेल आणि पिशवी फोडलेली असेल, तर पुढच्या तपासणीत बाटली जाते. आणि स्वतःची बाटली विमानात उघडून प्यायची परवानगी नसते, हे बरोबरच्या पुरुषमाणसांना आधीच सांगून ठेवा.

आता मोठी बॅग. इथे बाटलीवरचा टक्क्याचा आकडा वाचायला शिकायचं. ४० टक्के लिहिलंय म्हणजे शंभर भागांत चाळीस भाग शुद्ध अल्कोहोल. बिअर, वाइन अशा २४ टक्क्यांपर्यंतच्या पेयांना विमानाच्या सुरक्षेची वेगळी मर्यादा नाही. २४ च्या वर आणि ७० पर्यंत असेल तर एका माणसाला पाच लिटरपर्यंत चालतं, तेही दुकानातल्या मूळ सीलबंद बाटलीत. व्हिस्की, रम, व्होडका साधारण चाळीस-बेचाळीस टक्क्यांच्या असतात, म्हणजे त्या याच गटात. ७० टक्क्यांच्या वरची दारू विमानात अजिबात नेता येत नाही, ना हातात, ना बॅगेत. ती पेट्रोलसारखी झटकन पेट घेते. काही बाटल्यांवर टक्क्याऐवजी 'प्रूफ' लिहिलेलं असतं. अमेरिकेतल्या बाटलीवरचा प्रूफचा आकडा निम्मा केला की टक्के मिळतात. १५१ प्रूफ म्हणजे साडेपंच्याहत्तर टक्के, म्हणजे बाद.

सील नसलेली, घरी गाळलेली, पाण्याच्या बाटलीत ओतून दिलेली दारू घेऊच नका. तिच्यात किती टक्के आहे हे कोणीच सांगू शकत नाही, आणि नेमकं काय आहे हेही नाही.

दुसरं दार : कस्टम

विमानाने पाच लिटर चालवलं म्हणून पाच लिटर आणायचे नाहीत. भारतात उतरल्यावर कस्टम विचारतं, आणि त्यांचा आकडा आहे दोन लिटर. एका मोठ्या माणसाला दोन लिटरपर्यंत दारू बिनकराची. बिअर आणि वाइनही याच दोन लिटरांत धरतात. मुंबईला उतरल्यावर तिथल्या करमुक्त दुकानातून घेतलेली बाटलीही याच हिशोबात येते.

इथे बायका हिशोबात चुकत नाहीत, पण आणणारे चुकतात. एक लिटरच्या दोन बाटल्या म्हणजे बरोबर दोन लिटर. पाऊण लिटरच्या दोन म्हणजे दीड लिटर. पाऊण लिटरच्या तीन म्हणजे सव्वादोन लिटर, म्हणजे पाव लिटर जास्त! त्या पाव लिटरवर कर लागतो, आणि दारूवरचा कर चांगलाच जबर असतो. बिअरचे ३३० मिलिलिटरचे डबे असतील तर सहा डबे दोन लिटरच्या आत बसतात, सातवा बाहेर जातो.

एकाची सवलत दुसऱ्याला वापरता येत नाही. नवरा-बायको दोघं आले तर दोघांचे दोन-दोन लिटर खरे, पण ज्याचे त्याने स्वतःच्या बॅगेत आणावेत. चारही बाटल्या आईच्या बॅगेत आणि बाकीचे हात हलवत पुढे, असं झालं तर चारही बाटल्यांचा जाब आईला द्यावा लागतो.

बाहेर पडताना दोन वाटा असतात. सांगण्यासारखं काही नसेल तर हिरवी, जास्तीचं सामान असेल तर लाल. जास्त आहे हे माहीत असेल तर सरळ लाल वाटेने जाऊन सांगावं. कर भरला की विषय संपतो. लपवून हिरव्या वाटेने निघालो आणि पेटी उघडली, तर माल जप्त होतो आणि वर दंड होतो.

तिसरं दार : आपलं राज्य

मुंबईच्या विमानतळातून बाहेर पाऊल टाकलं की महाराष्ट्राचा १९४९ चा दारूबंदी कायदा लागू होतो. त्या कायद्याने दारू विकत घ्यायला, जवळ ठेवायला, नेायला आणि प्यायला परवाना लागतो. बिअर-वाइनला वय २१ पूर्ण, बाकी दारूला २५ पूर्ण हवं. परवाना राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो. ज्याच्यासाठी बाटली आणली त्याच्याकडे तो आहे का, हे आणायच्या आधी विचारा. दुकानाची पावती बाटलीबरोबर जपून ठेवा.

पुढे कुठे जायचं आहे तेही बघा. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ साली झाली होती, ती २०२१ साली उठली. शेजारच्या गुजरातेतही बंदी आहे. सुरतेच्या नातेवाइकांसाठी मुंबईहून बाटली घेऊन जाणं म्हणजे अडचणीला घरचं आमंत्रण.

आपल्या चिकलठाण्याहून परदेशाची नेहमीची विमानं सुटत नाहीत. म्हणून मुंबईला उतरून पुढे रेल्वेने, बसने नाहीतर दुसऱ्या विमानाने यावं लागतं. दुसरं विमान असेल तर मुंबईत बॅग ताब्यात घेऊन कस्टममधून बाहेर काढायची आणि पुन्हा जमा करायची. तेव्हाच हातातली बाटली मोठ्या बॅगेत नीट बांधून टाकावी, म्हणजे पुढच्या तपासणीत वाद नको.

बांधायची कशी

मतदानात बाटली उभी की आडवी यावर भांडणं झाली असतील, पण बॅगेत मात्र तिला आडवीच ठेवा, बरोबर मधोमध.

आधी झाकण घट्ट आहे का बघा. झाकणाभोवती चिकटपट्टीचे दोन वेढे द्या. मग बाटली चेनच्या जाड प्लास्टिक पिशवीत घाला, हवा काढा, बंद करा, आणि त्यावर दुसरी पिशवी चढवा. बाटली फुटली तरी पातळ बाहेर येऊ नये, यासाठी दोन पिशव्या. त्यावर मऊ कापड गुंडाळा. जुनं सुती लुगडं, टॉवेल, स्वेटर चालतं. मान आणि बूड या दोन जागा जास्त फुटतात, तिथे मोजे चढवा.

बॅगेत खाली कपड्यांचा चार बोटं थर, मध्ये बाटली, बाजूला आणि वर पुन्हा कपडे. चाकांच्या बाजूला, कडेला किंवा बाहेरच्या कप्प्यात बाटली कधीच नको, कारण बॅग आपटते ती तिथेच. दोन बाटल्या एकमेकींना चिकटून ठेवू नका. शेवटी बॅग बंद करून हलवून बघा. आत काही सरकल्याचा, खणखणल्याचा आवाज आला तर पुन्हा उघडा आणि पोकळी भरा. चांगल्या साड्या, कागदपत्रं आणि औषधं त्या बॅगेत ठेवू नका.

विमानाच्या पोटात हवा विरळ होऊन बाटली फुटेल, अशी भीती काही जणी बोलून दाखवतात. प्रवासी विमानात सामानाच्या जागेतही हवेचा दाब आपण बसतो तिथल्यासारखाच राखलेला असतो, त्यामुळे सीलबंद काचेची बाटली त्याने फुटत नाही. एकदा उघडलेली बाटली मात्र झिरपते. वजनही धरा. काचेसकट एक लिटरची बाटली दीड किलोच्या आसपास भरते. दोन बाटल्या म्हणजे तीन किलो, आणि तेवढं वजन नातवाच्या कपड्यांतून कमी होतं.

हीच बांधणी लोणच्याला, तुपाला आणि काकवीला चालते. जाताना दोन गोष्टी मात्र बॅगेत घालू नका. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या, कारण त्यांत तेल असतं आणि त्या पेट घेतात. आणि दुबई-अबूधाबी किंवा सौदीला जात असाल तर खसखस. आपल्या अनारशांवरची खसखस तिकडे अमली पदार्थांत मोजतात.

दुसऱ्याची पिशवी

सौदी अरेबियात आणि कुवेतमध्ये दारू नेणं हा गुन्हा आहे. तिकडे नोकरी करणाऱ्या भावासाठी कोणी कपड्यांत गुंडाळून बाटली दिली, तर तुरुंगात जाणारी आपण असू. दुबईत चालतं म्हणून शेजारच्या शारजात चालेल असंही नाही, तिथे दारूविक्री बंद आहे.

बाटलीपुरतंच हे नाही. २०१९ साली मुंबईचं एक जोडपं कतारला फिरायला गेलं. नात्यातल्याच एका बाईने तंबाखू म्हणून एक पुडकं सोबत दिलं होतं. विमानतळावर त्यात चरस निघालं आणि दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. त्यांना फसवलं गेलं, हे सिद्ध होऊन २०२१ साली ते निर्दोष सुटले, पण तोवरचे दिवस तुरुंगातच गेले.

म्हणून काउंटरवर "सामान तुम्हीच बांधलं का?" असं विचारतात तेव्हा तो प्रश्न रिवाजाचा समजू नका. बॅग स्वतःच्या हाताने भरा. जावयाने दिलं, दिराने दिलं, शेजारणीने दिलं, तरी उघडून बघा. उघडू देत नसतील तर घेऊ नका. आणि बाटली आणायचीच नसेल तर तसं सरळ सांगा. "माझ्या नावाची बॅग आहे, तिच्यात मी ठरवेन ते जाईल," एवढं वाक्य पुरतं. त्याने मान जात नाही.

गटाच्या पुढच्या बैठकीत हे वाचून दाखवा. ज्या घरातलं कोणी परदेशी जाणार आहे, तिथे आवर्जून सांगा. बाटलीवरचा टक्का, दोन लिटरचा हिशोब, परवाना, दुहेरी पिशवी आणि स्वतःच्या हाताने भरलेली बॅग, या पाच गोष्टी लक्षात राहिल्या तरी पुष्कळ झालं.